खिडकीचा दावा

दावा कोणावर करायचा याबद्दल घरात एकमत होतं. दावा कोणी करायचा याबद्दलही एकमत होतं: दुसऱ्या कोणीतरी.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मंडळी पुढच्या खोलीत जमली. थोरला खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसला. निवृत्त झाल्यापासून त्या खुर्चीतून तो तीनच कामांसाठी उठायचा: जेवायला, झोपायला आणि इतरांचं काय चुकतंय ते सांगायला. हल्ली तिसरं कामही तो बसूनच करी. धाकटा सोफ्याच्या टोकाला टेकला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. पंचवीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे समोरचा माणूस बोलता बोलता भरकटतोय असं वाटलं, की त्याचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. थोरल्याशी बोलताना तो पाय सहसा वर येतच नसे. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, हातात फडकं घेऊन दारात उभी होती. घरातला कुठलाही महत्त्वाचा निर्णय तिनं आजवर बसून ऐकला नव्हता.

आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. दोन भावांच्या मधली बहीण. थोरल्याची चिमणी जन्मली तेव्हापासून सगळेच तिला आत्या म्हणत, सख्खे भाऊसुद्धा. वय अठ्ठावन्न, लग्न नाही, धंदा रफूचा. मागच्या खोलीच्या मोठ्या खिडकीखाली बसून एकतीस वर्षं तिनं लोकांच्या कोटांची, शालींची, पडद्यांची भोकं अशी बुजवली होती की काम परत नेताना गिऱ्हाईक विचारी, “भोक नक्की कुठे होतं हो?” आणि तिला मनातल्या मनात गुदगुल्या होत.

त्या खिडकीपासून चार फुटांवर आता शेजारच्या दंतवैद्याची भिंत उभी राहत होती. त्याला दवाखान्यावर आणखी एक मजला हवा होता. महिन्याभरात भिंत खिडकीच्या पाऊण उंचीवर आली होती. आज गवंड्यांची सुट्टी, म्हणून ती जागच्या जागी होती. उद्या सकाळी ती पुन्हा वाढणार होती.

“पहिला प्रश्न,” धाकटा म्हणाला. “त्या दातवाल्याला किती वर्षं आत टाकता येईल?”

हा प्रश्न वकीलबाईंना होता. वकीलबाई चिमणीच्या शाळेतल्या मैत्रीण. चिमणीनं औषधांच्या दुकानातून अर्धा दिवस सुटी काढून त्यांना धरून आणलं होतं. चिमणीचं वय चौतीस होतं, पण नाव बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“काका, हा दिवाणी दावा आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “यात कोणी आत जात नाही.”

“मग उपयोग काय?”

“फौजदारीत सरकार म्हणतं, यानं गुन्हा केला, याला शिक्षा द्या. दिवाणीत आपण म्हणतो, माझा अमुक हक्क आहे, यानं तो अडवला, तो मोकळा करून द्या. आत्यांना त्या खिडकीतून तीस वर्षांहून जास्त काळ उजेड मिळतोय. मध्ये कोणी अडवला नाही, परवानगी मागून घेतलेला नाही. इतकी वर्षं गेली की तो उजेड हक्काचा होतो. कोर्ट शेजाऱ्याला सांगेल, भिंत थांबव. किंवा पाड. किंवा भरपाई दे.”

“नुसतं सांगेल?”

“सांगूनही ऐकलं नाही, तर मग जाईल आत.”

धाकट्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा परतली.

“शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,” थोरला म्हणाला.

“म्हणून तर तुला बरोबर नेतोय,” धाकटा म्हणाला.

“मी काय म्हणतो,” थोरल्यानं आवाज चढवला, “दिव्याचा शोध लागून किती वर्षं झाली? एक चांगली ट्यूब लावा तिच्या टेबलावर. मिटला विषय. त्यासाठी शेजारधर्म मोडायचा?”

आत्यानं एप्रनच्या खिशातून दोऱ्याच्या दोन लडी काढल्या आणि वकीलबाईंच्या हातात दिल्या. “यातली काळी कुठली?”

वकीलबाईंनी त्या इकडून तिकडून बघितल्या. “दोन्ही.”

“तिकडे खिडकीपाशी धरा.”

खिडकीच्या उजेडात एक लड काळी राहिली, दुसरी गडद निळी झाली.

“दिव्याखाली ही दोघं सख्खी भावंडं असतात,” आत्या म्हणाली. “मागच्या आठवड्यात एका बँडवाल्याचा कोट दिव्याखाली केला. त्यानं तो परत आणला. बोलला काही नाही, नुसतं बोट ठेवून दाखवलं. एकतीस वर्षांत परत आलेलं पहिलं काम.” तिनं लडी परत खिशात घातल्या. “आणखी दोन-चार आले की लोक यायचे थांबतील. मला दुसरं काही येत नाही.”

 

*

वकीलबाईंना अशीलांची कुटुंबं आवडत नसत. अशील एकटा आला की दावा असतो, कुटुंबासकट आला की सभा होते. त्यांनी फाइल उघडली.

“चिमणीच्या सांगण्यावरून मी पाठवलेल्या नोटिशीला त्यांच्या वकिलाचं उत्तर आलंय. ते म्हणतात, या घरानं भिंतीला लेखी संमती दिलीय.” त्यांनी एक कागद पुढे केला. “ही सही कोणाची?”

सगळे वाकले. मग सगळे सरळ झाले.

“नानांची,” चिमणी म्हणाली.

“नाना कोण?”

“आमचे वडील,” थोरला म्हणाला.

“त्यांना जरा बाहेर बोलवता?”

“ते वारले.”

“अरेरे. केव्हा?”

“आठ वर्षं झाली.”

वकीलबाईंनी कागदावरची तारीख पुन्हा वाचली. ती चार महिन्यांपूर्वीची होती.

यावर खुलासा आवश्यक होता, आणि तो चौघांनी एकदम केला, त्यामुळे समजायला वेळ लागला. नानांना दुपारी झोपेतून उठवलेलं खपत नसे. दारावर पार्सल येवो, मीटर बघणारा येवो, शाळेचं प्रगतिपुस्तक येवो. सहीसाठी उठवलं की उठवणाऱ्याला थप्पड. शेवटी त्यांनीच एका सुटीत सगळ्यांना रांगेत बसवून आपली सही शिकवली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्या आठवड्यात गॅसची शेगडी आणि दुसऱ्या आठवड्यात नानांची सही शिकवण्यात आली. नाना गेले तरी दारावर कागद येत राहिले आणि जो दार उघडेल तो सवयीनं नाना होत राहिला. नाना जाऊन आठ वर्षं झाली होती. सही ठणठणीत होती.

“करून दाखवा,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

पाचही जणांनी एकाच कागदावर पाच सह्या केल्या. वकीलबाईंनी त्या बघितल्या, ना हरकत पत्र शेजारी धरलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मी सात वर्षं वकिली करतेय,” त्या म्हणाल्या आणि सह्यांचा कागद उलटा करून ठेवला.

“पण मेलेल्या माणसाची संमती चालते का?” धाकट्यानं विचारलं. “म्हणजे जिंकलोच की आपण!”

“संमती बाद होईल. पण ते म्हणतील, घरातल्याच कोणीतरी समजून-उमजून सही केली, तिच्या भरवशावर आम्ही बांधलं, आणि आता हे लोक उलटले. म्हणून ज्यानं सही केली त्यानं शपथेवर सांगायचं: मी केली, आत्यांना विचारलं नव्हतं, त्यांच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नव्हता. एक पान. उद्या सकाळी मनाई हुकमाचा अर्ज देतेय, त्याला ते जोडायचंय. कोणी केली?”

“मी पार्सलवरच करतो,” धाकटा ताबडतोब म्हणाला. “आणि मी इथे राहतही नाही.”

“दर गुरुवारी जेवायला असतोस,” थोरला म्हणाला. “हा कागदावरचा वारही गुरुवारच असणार.”

“मंगळवार आहे,” चिमणीनं फोनमध्ये बघून सांगितलं.

“मग चिमणीनं केली असेल. ती न वाचता काहीही करते.”

“बाबा, मी दिवसभर लोकांना सांगते की चिठ्ठी वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका.”

“मी तर इंग्रजी कागद असला की हातच लावत नाही,” वहिनी म्हणाली.

“हा मराठीत आहे,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग मराठीलाही नाही लावत.”

वकीलबाईंनी घड्याळाकडे बघितलं. “बरं, घर कोणाच्या नावावर आहे? ते आधी लिहून घेऊ.”

“माझ्या,” थोरला म्हणाला.

“कागद आहे?”

“कागद कशाला? मी थोरला आहे.”

“काका, हा नात्याचा शब्द झाला. मी मालकीचं विचारतेय. नानांनी मृत्युपत्र केलं होतं?”

“नाना कुठे करणार! झोपायचे ते.”

“नाव बदलून घेतलं?”

कोणी घेतलं नव्हतं. बदलायला जायचं तर नाना गेल्याचं कळवावं लागलं असतं, आणि नानांची सही तर अजून चालत होती. घराचे सगळे कागद नानांच्याच नावानं येत होते आणि नानाच ते सही करून घेत होते.

“म्हणजे घर तीन वारसांचं आहे,” वकीलबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “तिघांचा सारखा हिस्सा. चला, पुढे.”

*

पुढे जायला आत्या तयार नव्हती.

“तिघं म्हणजे?”

“तुम्ही, तुमचे दादा आणि तुमचे धाकटे भाऊ.”

“मी पण?”

“तुम्ही त्यांची मुलगी ना?”

“हो, पण…” आत्याला तो ‘पण’ पुढे कुठे न्यायचा ते सुचेना. नाना गेल्यावर थोरल्यानं तिला समोर बसवून सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस, मागची खोली तुझीच समज, मी असेपर्यंत तुला कोणी हलवणार नाही. ते ऐकून ती रडली होती. त्यानंतर आठ वर्षं ती नळ हळू सोडत होती. पाहुणे आले की गिऱ्हाइकांना मागच्या दारानं यायला सांगत होती. दर सणाला थोरल्याच्या शर्टाच्या कॉलरी फुकट उलटून देत होती, आणि त्यानं मागितलं नव्हतं तरी त्याचे आभार मानत होती.

“म्हणजे मी इथे राहते ती…”

“हक्कानं,” वकीलबाई म्हणाल्या. “दावाही तुम्हीच करायचा. वादी तुम्ही. कोणाची परवानगी लागत नाही.”

“मी कुटुंबप्रमुख म्हणून वादी असेन असं मी धरून चाललो होतो,” थोरला म्हणाला.

“कोर्टात प्रमुख न्यायाधीश असतात, काका.”

“तुला माहीत होतं हे?” आत्यानं धाकट्याला विचारलं.

“मला वाटलं दादाचं आहे. दादा म्हणाला म्हणून.” मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाय जमिनीवरून उचलला गेला. “थांबा. म्हणजे माझाही तिसरा हिस्सा? आणि मी वीस वर्षं भाड्यानं राहतोय? दादा!”

“आता हा विषय आहे का?” थोरला गरजला.

“आत्या, मी तुझ्या बाजूनं आहे,” धाकटा सोफ्यावरून उठून आत्याच्या स्टुलाजवळ जाऊन उभा राहिला. “पहिल्यापासूनच होतो.”

थोरल्यानं खोलीभर नजर फिरवली, मोजदाद केली आणि बायकोला म्हणाला, “जरा आत ये.”

*

स्वयंपाकघराचं दार त्यानं लोटलं. वहिनीला वाटलं, पाणी हवं असेल. पस्तीस-छत्तीस वर्षांत त्यानं तिला खास आत बोलावून पाण्याखेरीज काही मागितलं नव्हतं.

“तू सांग की सही तू केलीस,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“मी?”

“बायकांना कोर्टात फार विचारत नाहीत. वाचलं नाही, पार्सल वाटलं, म्हणायचं. शोभतं ते तुला.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग पटकन येत नसे. तो आधी येऊन बाहेर उभा राही आणि ती आतली कामं आवरून मग त्याला आत घेई. तिनं फडक्याची घडी घातली. गेले चार महिने हा माणूस समोर बसून कडक बिस्किटं कडाकडा चावत होता. आधी तो ती चहात बुडवून खात असे. “ओळखीत झालं,” एवढंच म्हणाला होता. शेजारच्या दातवाल्याशी याची ओळख कधीपासून, असा प्रश्न तेव्हाच तिच्या मनात आला होता. सोयीचा नव्हता म्हणून तिनं तो फळीवर ठेवून दिला होता.

“मला शोभतं?” तिनं विचारलं.

“म्हणजे, लोकांना पटेल.”

ती दार उघडून बाहेर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळे बोलत असताना, खोलीच्या मधोमध खुर्ची ओढून बसली.

“सही यांची आहे,” ती म्हणाली. “मला म्हणतायत तू घे अंगावर. मी घेतलीही असती. पण माझ्या तोंडात माझेच दात आहेत.”

सगळ्यांनी एकाच वेळी तिच्यामागून दारात आलेल्या थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं. ते मिटलेलं होतं.

“बाबा,” चिमणी म्हणाली, “ती कवळी…”

“त्यानं आपणहून दिली,” थोरला म्हणाला. बोलताना दात दिसू नयेत अशी त्यानं खबरदारी घेतली, त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले. “शेजारी म्हणून. मी काही मागितली नव्हती. मग तो कागद घेऊन आला. आता दात तोंडात आणि त्याला नाही कसं म्हणायचं? माणुसकी असते का नाही?”

“यात तरी कोणी आत जातं का?” धाकट्यानं वकीलबाईंना विचारलं.

“काका, तुम्ही जरा बसा.”

“प्रतिज्ञापत्रात दातांचं लिहू नका,” थोरला म्हणाला. “‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहा.”

“वैयक्तिक कारण वरचं की खालचं?” धाकट्यानं विचारलं.

चिमणी हसली. वहिनी हसली नाही. थोरल्यानं आत्याकडे बघितलं. तीही हसली नव्हती.

“दादा,” ती म्हणाली, “भिंत कुठे येणार ते तुला माहीत होतं?”

“अंदाज होता.”

“मग?”

थोरल्यानं जिभेनं कवळी नीट बसवली. तो खोटं बोलायच्या तयारीत आहे असं सगळ्यांना वाटलं, पण त्याला तेवढं सुचलं नाही.

“वाटलं, तू दिवा लावशील,” तो म्हणाला. “तू कधी काही म्हणत नाहीस.”

*

प्रतिज्ञापत्राचा मसुदा तासाभरात झाला. दातांचा उल्लेख एका वाक्यात आला, वरचे-खालचे असा तपशील न देता. थोरल्यानं तो चार वेळा वाचला, दोन स्वल्पविराम बदलले आणि उद्या दहा वाजता कोर्टात येऊन शपथ घ्यायचं कबूल केलं. कबूल केलं म्हणजे वहिनीनं सांगितलं की हे येतील. ती स्वतः त्यांना घेऊन येणार होती.

वकीलबाई फाइल बांधायला लागल्या.

“उद्या हुकूम मिळाला तर काय होईल?” आत्यानं विचारलं.

“भिंत आहे तिथे थांबेल.”

“आहे तिथे.”

“हो. पाडायची की नाही ते निकालात ठरेल. साक्षी होतील, पाहणी होईल, ते अपील करतील.” वकीलबाईंनी क्षणभर विचार केला. त्यांना ही बाई आवडली होती, म्हणून त्यांनी खरं सांगितलं. “पाच-सहा वर्षं. जास्तही.”

आत्यानं मनात हिशोब केला. अठ्ठावन्न आणि सहा. “म्हणजे जिंकले तरी तोवर पाऊण अंधार.”

“दावा करू नये असं म्हणताय?”

“करायचाच. माझा आहे म्हणता ना तो उजेड, मग का सोडायचा? पण कोट मंगळवारी द्यायचेत.” ती थांबली. “एक विचारू? घर तिघांचं म्हणालात. मग माझा तिसरा हिस्सा म्हणजे कुठली खोली?”

“वाटणी झालेली नाही ना. तोवर असा तुकडा पाडून कोणाचा नसतो. प्रत्येक सहमालकाला सगळं घर वापरायचा हक्क. दुसऱ्याला बाहेर काढायचं नाही, एवढंच.”

“सगळं?”

“इंच न् इंच.”

“ही खोलीसुद्धा?”

“हीसुद्धा.”

आत्यानं या खोलीत आजवर फक्त येणं-जाणं केलं होतं. आता तिनं ती नीट बघितली. दोन खिडक्या, दोन्ही रस्त्याच्या बाजूला, समोर मोकळं. कोटाच्या अस्तरातली वीण बघावी तशी ती उजेडाकडे बघत राहिली: कुठून येतो, कुठे पडतो, किती वेळ टिकेल. मग ती उठली.

“धाकट्या, चल. टेबल जड आहे.”

“आत्ता?” थोरला म्हणाला. “अगं, इथे लोक येतात-जातात. आपलीच शोभा. आधी घरात चर्चा तरी करू—”

“दादा, चार वाजलेत. अजून दोन तास उजेड आहे.”

टेबल दारात अडकलं. चिमणीनं एक पाय धरला, वहिनीनं दुसरा, धाकट्यानं मागे बघत, डावीकडे, डावीकडे, आता हळू सोडा, असं सगळ्यांना शिकवलं आणि टेबल आत आलं. वकीलबाई निघायच्या होत्या, पण दारातच टेबल असल्यामुळे त्यांनीही एक टोक उचललं. खिडकीपाशी आल्यावर सगळे थांबले. जागा होती, फक्त तिथे खुर्ची होती आणि खुर्चीत थोरला होता.

“मला काढणार का आता?” त्यानं विचारलं. “कायद्यानं काढता येत नाही. आत्ताच या म्हणाल्या. मीही सहमालक आहे.”

“कोण काढतंय?” आत्या म्हणाली. तिनं बँडवाल्याचा कोट टेबलावर पसरला, निळी लड उजेडात धरून बघितली आणि सुईत दोरा ओवला. “बस ना, दादा. तुझाही हक्क आहे. फक्त तेवढी खुर्ची मागे घे, सावली पडतेय.”